शिक्र्याच्या घरट्यावरचं ऊन

भूकंपानंतरचं ते वर्ष आम्ही डोक्यावर काही न घेता काढलं. लातूरचं आमचं घर पडलं नव्हतं. मागच्या भिंतीला एक तडा गेला होता आणि त्यात बोट शिरायचं, एवढंच. पण त्या पहाटे आईनं आम्हा सगळ्यांना ओढून अंगणात आणलं ते आणलंच. पुढं कितीतरी महिने तिनं कुणाला आत झोपू दिलं नाही. अंगणात बाजा पडल्या, बाजांवर गोधड्या आल्या, थंडी वाढली तशा मच्छरदाण्यांवर चादरी आल्या, पण छप्पर म्हणून काही आलं नाही. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले की निदान चार पत्रे तरी टाकू. आई म्हणाली, "पत्रा बी वरूनच पडतो." तिची एक चुलतबहीण माळवदाखाली गेली होती. माळवद म्हणजे मातीचं जड छत, आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या ते थंडाव्यासाठी घालत आले. त्या वर्षी लोकांनी फावडी घेऊन आपापली माळवदं स्वतःच उतरवली. आई भाकरी आत थापायची, पण दार सताड उघडं ठेवून, आणि थापताना तिचा एक कान भिंतीकडं असायचा. जवळच्या डाळ मिलचा पट्टा सुरू झाला की आमच्याकडची जमीन बारीक थरथरते, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक होतं. तरी त्या वर्षी पट्टा सुरू झाला की ती पिठाच्या हातांनी बाहेर यायची, आमची डोकी मोजायची आणि पुन्हा आत जायची.

दादांचा फोटो स्टुडिओ घराच्या पुढच्या खोलीत होता. बाकीच्या स्टुडिओंत फ्लॅश आणि छत्र्या आल्या होत्या, दादांनी त्या आणल्या नाहीत. त्यांच्या खोलीला उत्तरेच्या बाजूनं वर दुधी काचेची मोठी खिडकी होती आणि तिला दोन पडदे होते, एक पांढरा आणि एक काळा. पडद्यांच्या दोऱ्या भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळलेल्या असत. फ्लॅशनं माणूस भिंतीवर आपटल्यागत दिसतो असं त्यांचं मत होतं आणि ते ऐकणाऱ्याला पटो न पटो, प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून दोऱ्या माझ्याकडं होत्या. दादा कॅमेऱ्यामागून म्हणत, "जरा सोड. अजून जरा. बास." ते समोरच्याच्या डोळ्यात बघत असत. बुबुळात उजेडाचं एक टिंब उमटलं की फोटो जिवंत, नाही उमटलं तर मुडदा, हा त्यांचा एकमेव नियम. मला तेव्हा वाटायचं की उजेड ही दोरीनं ओढायची वस्तू आहे. हवा तेवढा ओढावा आणि काम झालं की दोरी पुन्हा खिळ्याला गुंडाळावी. या समजुतीनं पुढं काय केलं ते सांगायलाच हे प्रकरण लिहिते आहे.

तेव्हाच आमच्या गल्लीत क्लासच्या पाट्या चढायला लागल्या होत्या. नांदेड, धर्माबाद, उदगीर, कुठून कुठून पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन यायची. भूकंपानं लोक लातूर सोडून जातील असं मोठी माणसं बोलत होती, आणि प्रत्यक्षात एसटी स्टँडवर उतरणारी पोरं वाढतच होती. ज्यांच्या घरांना तडे होते त्यांनीही खोल्या भाड्यानं दिल्या. प्रत्येक पोराला पासपोर्ट फोटो लागायचा, क्लासला, कॉलेजला, मेसच्या कार्डाला. दादा दिवसभर तेच काढत बसत आणि संध्याकाळी म्हणत की सगळ्या पोरांचा चेहरा एकच झालाय, झोप न झालेला. मीही त्यातलीच होते. अकरावीला होते, आणि बारावीसाठी लातूरमधल्याच एका क्लासमध्ये माझं नाव घातलं होतं. अकरावीची परीक्षा संपली की तीन आठवड्यांत तिथली सुट्टीतली बॅच सुरू होणार होती. ती चुकवली की वर्ष गेलंच, असं क्लासच्या सरांनी दादांना सांगितलं होतं आणि दादांनी ते मला रोज सांगितलं.

भूकंपानं आमच्या घरात एक वस्तू आणली होती. मुंबईचा एक पेपरवाला फोटोग्राफर त्या दिवसांत चार रात्री आमच्या अंगणात झोपला होता. जाताना त्यानं हाताएवढी लांब एक लेन्स दादांकडं दुरुस्तीला ठेवली. पडक्या गावांची धूळ शिरून तिची कडी अडकली होती. दादांनी ती उघडून, पुसून, तेल देऊन मोकळी केली. तो माणूस न्यायला आलाच नाही. दादांना लांबच्या लेन्सचा काही उपयोग नव्हता, त्यांची माणसं समोर स्टुलावर बसत. मी मात्र ती कॅमेऱ्याला लावून डाळ मिलवर फिरणाऱ्या घारी बघायचे. फोटो काढले तर त्या काजळीच्या ठिपक्यांसारख्या आल्या. घार जवळ येत नव्हती आणि मला उडता येत नव्हतं. मग मार्चमध्ये जळकोटचा मामा लातूरला आला आणि सहज म्हणाला की विहिरीवरच्या कडुलिंबात शिक्र्यानं खोपा केलाय. घारीहून लहान, पिवळ्या डोळ्यांचा, सरडे आणि चिमण्या मारून खाणारा तो शिकारी पक्षी मी मामाच्या शेतात आधी ओझरता पाहिला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. दादांनी काळ्या-पांढऱ्या फिल्मचे दोन रोल दिले आणि म्हणाले, "एक तरी असा आण की त्याच्या डोळ्यात टिंब दिसलं पाहिजे. न्हाईतर मग गुमान अभ्यास कर." ते हसत म्हणाले होते. मी ते शब्दशः घेतलं.

परीक्षा संपली तशी मी जळकोटला गेले. मामाच्या घरी उन्हाळ्याची गडबड होती. मामाचं माळवदही उतरवलेलं होतं आणि सगळं बिऱ्हाड अंगणात मांडलेलं होतं. सकाळी मामी गव्हाच्या चिकाची कढई उतरवायची आणि आम्ही बायका बाजांवर धोतरं अंथरून कुरडया घालायचो. न्याहारीला गरम धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. दुपारी ताक, कांदा, पाडाची कैरी. विहिरीवरची मोटर बंद झाली की इतकं शांत व्हायचं की लिंबातून येणारी शिक्र्याची हाक घरापर्यंत ऐकू यायची. दोन अक्षरांची, किंचित चिडकी हाक. कधीकधी कोतवाल पक्षी तिची हुबेहूब नक्कल करायचा आणि अंगणातल्या चिमण्या फसून कुरडयांवरून उडायच्या. मामी त्या कोतवालाला दुवा द्यायची.

शेतात हुसेनचाचा होता. साठीच्या पुढचा, शेळ्या राखणारा, मामाच्या शेतात पिढीजात येणं-जाणं असलेला. त्याच्या आजानं निजामाच्या वेळी कुणा जहागीरदारासाठी शिक्रे पकडून माणसाळवले होते, त्यामुळं त्याला या पक्ष्याची रीत माहीत होती. त्यानं लिंबाच्या शेजारी चार वाशांवर मचाण बांधलं, घरट्याच्या उंचीला, आणि त्याला भोवतीनं बारदान लपेटलं. ते एका दिवसात बांधलं नाही. आज दोन वासे, परवा दोन, मग फळ्या, मग बारदान, अशी शिक्र्याला सवय करत बांधलं. मचाणात शिरायचीही त्यानं युक्ती शिकवली. आम्ही दोघांनी जायचं, मी आत बसायचं आणि त्यानं मोठ्यानं खोकत, शेळ्यांना हाका मारत परत जायचं. "पाखराला गिनती येत न्हाई, बेटा," तो म्हणाला. "त्याला वाटतंय, गेले समदे." ठरल्या वेळी तो पुन्हा येऊन मला घेऊन जायचा. मधे मी एकटी उतरले तर मादी बिथरून उडायची आणि पुष्कळ वेळ परतायची नाही. म्हणून त्याच्याशिवाय उतरायचं नाही, हा पक्का नियम होता.

घरट्यात तीन पिल्लं होती, पांढऱ्या लवीची, मान अजून न सावरणारी. नर शिकार आणून जवळच्या फांदीवरून हाक मारायचा, मादी जाऊन ती घ्यायची आणि बारीक तुकडे करून भरवायची. मी ते सगळं लेन्समधून पाहिलं आणि काहीही टिपू शकले नाही. घरट्यावर लिंबाची एक दाट फांदी छत्रीसारखी आडवी आली होती. तिच्याखाली दिवसभर हिरवा अंधार. मादीचे डोळे त्या अंधारात दोन काळी भोकं दिसायचे. चार सकाळी मी अशा बसून काढल्या. एक रोल अर्धा संपला आणि मला माहीत होतं की त्यात मुडदेच आहेत. बॅच सुरू व्हायला आठ दिवस उरले होते. दादांकडं हात हलवत जायचं, लेन्स कपाटात ठेवायची आणि मग वर्षभर पासपोर्ट फोटोतल्या पोरांसारखं व्हायचं, हे मला सहन होईना. सतराव्या वर्षी माणसाला वाटतं की एवढ्यावर सगळं आयुष्य अडलंय.

चाचा शेळ्यांसाठी रोज कुठल्या ना कुठल्या झाडाचा पाला तोडायचाच. मी त्याला म्हटलं, आज हीच फांदी तोड. तो पाला ओढायची आकडी आणि कोयता घेऊन झाडाखाली उभा राहिला आणि बराच वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, "ही काढली की दोपारचं ऊन थेट खोप्यात उतरंल."

"मला सकाळचंच ऊन पाहिजे, चाचा."

"आन सूरज सकाळी येऊन घरी जातो व्हय?"

मी हसले. तो हसला नाही. पण मालकाच्या भाचीला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती, आणि शेळ्या माना वर करून उभ्या होत्या. तो झाडावर चढला आणि कोयत्याच्या तीन घावांत फांदी खाली आली. मादी ओरडत विहिरीभोवती फिरत राहिली. फांदी पडली तसा घरट्यावर उजेड आला, अगदी स्टुडिओत पांढरा पडदा सरकल्यासारखा, आणि मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला आजही आठवतात. मी आता पन्नाशीला आले आहे, नांदेडला राहते, संध्याकाळी गोदावरीच्या काठावर घारी बघत बसते, आणि कुणी टाळ्या वाजवल्या की अजूनही दचकते.

दुसऱ्या दिवशी सकाळचं काम माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम होतं. आठच्या सुमाराला ऊन तिरपं आलं. मादी घरट्याच्या कडेवर उभी होती, छातीवरच्या पट्ट्या एक न्‌ एक मोजता येत होत्या, आणि डोळ्यात टिंब होतं. नरानं सरडा आणला, तिनं भरवला, मी हळूहळू, श्वास धरून, फोटो काढले. दहाला चाचा आला आणि आम्ही घरी गेलो. मी भरपूर जेवले. दुपारी मामी अंगणातल्या कुरडया उलटवत समाधानानं म्हणाली की ऊन कसं झक्कास पडलंय, आजच्या आज कडक होतील. मीही तिच्याबरोबर कुरडया उलटवल्या. बाजेचं लोखंड हाताला चटका देत होतं. अंगण ओलांडायला चपला शोधाव्या लागत होत्या. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी सकाळी आठचा सूर्य कुठं असेल याचा विचार केला होता. बाराचा सूर्य माझ्या फोटोत नव्हता, म्हणून तो मला नव्हताच.

त्याच्या पुढच्या सकाळी दोन पिल्लांनी माना वर केल्या. तिसरं, सगळ्यात लहान, कडेला पडून होतं. मला वाटलं झोपलंय. ऊन जरा वर आलं आणि मादीनं चोचीनं त्याला एकदा ढकललं, मग दुसऱ्यांदा, आणि मग ती त्याच्यावरून पलीकडं गेली. तेव्हा मला कळलं. चाचाला मी त्या दिवशी सांगितलं होतं की चारला ये, कारण मला दुपारचं भरवणं टिपायचं होतं. आता दहाच वाजले होते आणि मला चारपर्यंत उतरता येणार नव्हतं.

अकराच्या पुढं ऊन घरट्यात उभं उतरलं. मादी पिल्लांच्या आणि सूर्याच्या मधे उभी राहिली आणि तिनं दोन्ही पंख अर्धे पसरले. तिची चोच उघडी होती आणि गळा सारखा हलत होता. पंखांच्या सावलीत दोन पिल्लं माना टाकून पडली होती. नर आला, त्यानं हाक मारली, त्याच्या पायात चिमणी होती. ती गेली नाही. गेली असती तर सावली गेली असती. तो हाका मारत राहिला आणि शेवटी चिमणी घेऊन विहिरीच्या पलीकडं गेला. पिल्लांना त्या दुपारी खायला मिळालं नाही. बारदानाच्या आत माझाही घसा कोरडा पडला होता, पण माझ्याजवळ पाण्याची बाटली होती. मी हलू शकत नव्हते. मी हलले तर ती उडणार आणि पिल्लं उघडी पडणार. मला मदत करायची असेल तर एकच मदत होती, गप्प बसणं. मी गप्प बसले. पण माझं बोट गप्प बसलं नाही. पसरलेले पंख, उघडी चोच, वरून पडलेलं ऊन आणि डोळ्यात टिंब. मी फोटो काढत गेले. रडत होते आणि काढत होते. चष्मा भिजला की पुसायचा आणि पुन्हा बघायचं. माझे दादा भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन एका गावात गेले होते, आणि एका घरासमोर कॅमेरा झाडाला अडकवून दिवसभर दगड उचलून आले होते. त्यांच्या रोलवर एकही फोटो नव्हता. हे मला मचाणात बसल्या बसल्या आठवलं, आणि तरीही मी रोल संपेपर्यंत थांबले नाही.

चारला चाचा आला. मी खाली उतरून त्याला सगळं सांगितलं. तो 'मी म्हनलं व्हतं' असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. तोडलेली फांदी शेळ्यांनी ओरबाडली होती, म्हणून त्यानं दुसऱ्या झाडाची एक फांदी आणून सुतळीनं घरट्यावर बांधली. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत तिची पानं वळून गळायला लागली. मग त्यानं ओलं बारदान ताणून बांधलं. ते वाऱ्यानं फडफडायचं आणि मादी घरट्याजवळ यायला तयार होईना. आम्ही विहिरीमागं लपून बघत होतो. ती दूरच्या बाभळीवर बसून ओरडत होती आणि इकडं बारदानाची सावली घरट्यावर होती, पण आई नव्हती. चाचानं वर चढून बारदान सोडलं. ती लगेच आली आणि पुन्हा पंख पसरून उन्हात उभी राहिली. काहीही केलं तरी वाईटच होत होतं. संध्याकाळी दुसऱ्या पिल्लानं मान वर केली नाही. मामा म्हणाला की जंगलातलं जंगलात, त्याचं एवढं काय, सुमे, जेवून घे. मामीनं येसर आमटी केली होती, मला आवडते म्हणून. मी ताट तसंच सरकवलं.

तिसरं पिल्लू जिवंत होतं तोवर मला निघावं लागलं. बॅच सोमवारी सुरू होत होती आणि मामा मला एसटीत बसवायला स्वतः आला. चाचा स्टँडवर आला होता. मी म्हटलं, चाचा, बघत राहा. तो म्हणाला, "बघतो की. बघण्याबिगर काय करनार." आठ दिवसांनी मामा काही कामाला लातूरला आला तेव्हा मी पहिलं तेच विचारलं. तो म्हणाला, खोपा रिकामा हाय, उडून गेलं आसंल. मी निघाले तेव्हा त्याला उडता यायला अजून दोन आठवडे तरी होते.

दादांनी रोल धुतला तेव्हा मी डार्करूममध्ये नव्हते, क्लासला होते. परत आले तर ते ओली फिल्म उजेडासमोर धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा असा होता की तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. ते म्हणाले की हे खरं काम, जन्मभर स्टुलावरच्या माणसांत जे शोधलं ते या पाखरानं दिलं. मी सांगायला तोंड उघडलं. पण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढेपर्यंत माझं धाडस गेलं होतं. त्यांनी पंख पसरलेल्या मादीचा फोटो आयुष्यात केला नव्हता एवढा मोठा केला, परातीत औषध ओतून, आणि स्टुडिओच्या शोकेसमध्ये लावला. येणारं-जाणारं थांबायचं. ऊन झेलणारी आई, पिल्लांवर पंख धरणारी आई, असं लोक म्हणायचे. भूकंपात ज्यांचं कुणी गेलं होतं अशी माणसं हातातली पिशवी खाली ठेवून त्याच्यापुढं उभी राहायची. त्यांना मी काय सांगणार होते?

क्लासच्या सरांनी तो पाहिला आणि मागून घेतला. त्यांनी तो मोठ्या हॉलमध्ये, फळ्याच्या बाजूला, चौकट करून लावला आणि खाली पेंटरकडून लिहून घेतलं, 'आई'. त्या हॉलमध्ये मी वर्षभर बसले. रसायनाची समीकरणं फळ्यावर आणि बाजूला ती, चोच उघडी टाकून. पोरं माझ्याकडं आदरानं बघायची. पालकांच्या मेळाव्यात सर छडीनं तिच्याकडं दाखवून म्हणायचे की तुम्ही घरी असं ऊन झेलता म्हणून ही पोरं इथं बसतात. बाया पदरानं डोळे पुसायच्या. मी एकदा सरांना म्हटलं की तो फोटो मला परत हवाय. ते हसून म्हणाले, "अगं, तुझाच तर मान आहे तो." दादांना म्हटलं तर ते दुखावले. मग मी गप्प बसले, ते मला आता जमायला लागलं होतं.

आई मेळाव्याला एकदाच आली. तोवर तिनं तो फोटो नीट पाहिलाच नव्हता, शोकेसकडं बघायला तिला सवड नसायची. मेळावा संपल्यावर सगळ्या बाया पुढं जाऊन तो बघू लागल्या, तीही गेली. ती इतरांसारखी लांबून बघत नव्हती. अगदी जवळ जाऊन कोपऱ्यात बघत होती. मग आम्ही रिक्षात बसलो. ती म्हणाली, "वरच्या कोपऱ्यात पांढरं काय हाय गं?"

"फांदीचा बुडखा."

"तेच म्हनलं. कोयत्याचा घाव हाय त्यो, वाऱ्याचा न्हाई." तिचं लहानपण शेतातल्या घरात गेलं होतं, तिला मोडलेलं आणि तोडलेलं वेगळं कळायचं. "कुणी तोडली?"

"मी तोडायला लावली. उजेडासाठी."

रिक्षा डाळ मिलच्या फाटकापाशी थांबून पुन्हा निघाली. आई समोर बघत होती. "मंग ती पिल्लं घेऊन बसली न्हवती," ती म्हणाली. "तू उन्हात उभी केलीस तिला."

"हाव."

"जगली का?"

"दोन न्हाई. एकाचं म्हाईत न्हाई."

आई मला रागावली नाही. घरी आल्यावर तिनं भाकरी केली, आम्हाला वाढलं, दादांना काही सांगितलं नाही. मी वाट बघत होते की ती काहीतरी म्हणेल, आणि ते ऐकून मला रडता येईल. तिनं तो विषय पुन्हा काढलाच नाही.

बारावीचा निकाल चांगला लागला. क्लासनं पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो हॉलमध्ये लावले आणि सरांनी मुद्दाम माझा फोटो त्या मोठ्या चौकटीच्या बरोब्बर खाली लावून घेतला, 'आई' या अक्षरांच्या खाली, माझ्या नावासकट. दादांनीच काढलेला पासपोर्ट फोटो, डोळ्यात टिंब असलेला. तो बघायला दादा सगळ्यांना घेऊन निघाले. मामा जळकोटहून आला होता, शेजारच्या दोघी होत्या, पेढ्याचा पुडा होता, दारात दोन रिक्षा उभ्या होत्या. आई चुलीपुढून उठली नाही. दादांनी दोनदा हाक मारली, मग आत जाऊन म्हणाले की अगं, लेकीचा फोटो लागलाय. आई म्हणाली, "लेकीला मी रोज बघते. मला तिच्यापुढं उभं ऱ्हायचं न्हाई." दादांना वाटलं, ती माझ्याबद्दल बोलतेय. ते वैतागून बाहेर आले आणि मी त्यांच्यामागं रिक्षात जाऊन बसले.